राष्ट्रीयीकृत बँकेत कृषी अधिकारी आहे, बदली निपाणीला (जि. बेळगाव) झाली आहे. हे शहर आणि भोवतालची शेती कशी समजून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मूळ गाव विदर्भातलं, ऊस आणि तंबाखू दोन्ही पिकांशी फारसा संबंध नाही आणि रुजू झाल्यावर पीककर्जाचं टेबल सांभाळायचं आहे. मग पर्यटकाला सांगावी तशी माहिती देत नाही. इथे पैसा कधी येतो, कुठून येतो आणि कुठे अडकतो, एवढं कळलं की निपाणी कळली.

आधी भूगोल. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर उत्तरेला, बेळगाव 75 च्या आसपास दक्षिणेला. पूर्वी हा भाग चिकोडी तालुक्यात होता, आता निपाणी स्वतंत्र तालुका आहे. रेल्वे नाही, गाडी पकडायची तर कोल्हापूर गाठायचं. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला मुरगूड-मुदाळ तिट्टा-राधानगरी-फोंडा घाट असा देवगडपर्यंत जाणारा जुना रस्ता. घाटमाथा, कोकण आणि कृष्णाकाठ यांचा माल या फाट्यावर एकत्र येतो, म्हणून गाव लहान असूनही पेठ मोठी.

शेतीचं बघायचं तर तालुक्याचे मनातल्या मनात दोन भाग पाडा. वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठची गावं, म्हणजे जत्राट, भिवशी, अक्कोळ, सिदनाळ, कारदगा, भोज, ही उसाची. नदीपासून वर, जिथे उपसा पोचत नाही तिथली काळी जमीन तंबाखूची, नाहीतर आता सोयाबीन-हरभऱ्याची. एकाच गावात दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे गावाच्या नावावरून काही ठरवू नका, गट नंबर बघून शेतावर जा. पाण्याची पाइपलाइन ज्या बांधापर्यंत गेली तिथून ऊस सुरू होतो. गेल्या काही दशकांत ही रेषा वरवर सरकत गेली आणि तंबाखूचं क्षेत्र घटत गेलं. तरी गावाची घडण अजून तंबाखूचीच आहे: वखारी, दलाल, उधारीची पद्धत, सगळं.

इथली तंबाखू विडीची, सिगारेटची नव्हे. केंद्राच्या तंबाखू मंडळाचे लिलाव होतात ते सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूचे, याच राज्यात म्हैसूर भागात. विडी तंबाखूला ना लिलाव, ना हमीभाव. भाव ठरतो तो शेतकऱ्याच्या खळ्यावर, व्यापारी ढिगापुढे उभा राहून जे बोलेल त्यावर. तुमच्या कामासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, कारण उत्पन्नाचा अंदाज मांडताना ‘बाजारभाव’ या रकान्यात लिहायला अधिकृत आकडाच नसतो.

पिकाचं वेळापत्रक असं. जूनमध्ये गादीवाफ्यावर तरू, म्हणजे लावणीची रोपं, टाकतात. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर दाणे बसतात. राख किंवा वाळूत मिसळूनच फोकावं लागतं, नाहीतर तरू दाट होतं आणि मान कुजून एका रात्रीत वाफाच्या वाफा आडवा होतो. हे टाळायला जुने लोक पाऊस लागायच्या आधी वाफ्यावर काटक्या-पालापाचोळा जाळून माती भाजून घेतात. सहा-सात आठवड्यांचं तरू झालं की ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत लावण. पावसाचा जोर ओसरलेला हवा, पण जमिनीत ओल हवी. पुढे बहुतेक ठिकाणी पाणी देत नाहीत, काळ्या रानातल्या ओलीवरच पीक येतं. म्हणून कोळपणीला महत्त्व: भेगा बुजल्या नाहीत तर ओल उडून जाते.

खतामध्ये शेणखत, पेंड आणि उन्हाळ्यात रानात मेंढरं बसवणं. कर्ज मंजूर करताना धनगराला दिलेला खर्च ‘अनावश्यक’ म्हणून खोडू नका, तो इथला खराखुरा खर्च आहे. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश टाळतात, कारण त्यातल्या क्लोराइडने पान नीट जळत नाही, विडी विझते. खारवट विहिरीचं पाणी दिलेल्या रानाचा मालही त्याच कारणाने मागे पडतो.

झाड कळीला आलं की साधारण सोळा ते वीस पानं ठेवून शेंडा खुडतात. त्यानंतर प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवे येतात. ते दर आठवड्याला काढले नाहीत तर शेंडा खुडल्याचा काही उपयोग राहत नाही, जोर सगळा फुटव्यात जातो आणि पान पातळ राहतं. मजुरी सर्वाधिक खाणारं काम हेच, आणि मजूर मिळेनात म्हणून तंबाखू सोडणारे बहुतेक जण याच टप्प्याला कंटाळलेले असतात.

पीकपाहणीला जाल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा आणि झाडाच्या बुंध्याशी बघा. मातीतून पांढरट, जांभळ्या फुलांचे, पान नसलेले तुरे वर आलेले दिसले तर ती बंबाखू. तंबाखूच्या मुळावर जगणारी ही परोपजीवी वनस्पती आहे. वर दिसते तोवर मुळाशी तिने आपला वाटा उचललेला असतो. फुलं यायच्या आत उपटून रानाबाहेर जाळली नाही तर तिचं धुळीसारखं बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. ज्या रानात दरसाल तंबाखूच केली जाते तिथे ती दाट असते. अशा गटाला मागच्या वर्षीच्या उत्पन्नावरून कर्ज धरलंत तर अंदाज हमखास चुकेल. फेरपालट होतोय का, एवढं तरी विचारून घ्या.

डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत काढणी. पान जाड होतं, पिवळसर पडतं, त्यावर तपकिरी ठिपके उठतात. हे ठिपके म्हणजे रोग समजून अहवालात ‘बुरशी’ लिहिणारे नवे अधिकारी असतात. विडीच्या पानाला ती पक्वतेची खूण आहे आणि त्यावर भाव मिळतो. कापलेला माल उन्हात पसरून वाळवतात, उलटापालटा करतात. दिवसा वाळलेलं पान हात लावला की चुरा होतं, म्हणून गोळा करणं, गंजी रचणं ही कामं पहाटे दव पडल्यावर, पान मऊ असताना करतात. पानाची मधली शीर वाकवून बघायची: कट्‌कन मोडली तर माल वाळला, नुसती वाकली तर ओल आहे. ओला माल रचला की गंजी आतून तापते, काळी पडते आणि वास बदलतो. या काळात अवकाळी पाऊस झाला तर पानावरचा चीक धुऊन जातो आणि मालाची किंमत पडते. वर्षाचा खरा धोका लावणीला नसतो, काढणी-वाळवणीच्या या आठवड्यांत असतो.

नंतर व्यापारी येतो. मूठभर माल उचलतो, दाबतो, सोडतो, हुंगतो आणि भाव बोलतो. माल वखारीत गेल्यावर वजनात ‘घट’ धरली जाते आणि पैसे एकरकमी न येता हप्त्यांनी येतात, कधी पुढच्या दिवाळीपर्यंत. हिशेब बऱ्याचदा चिठ्ठीवर. तोच व्यापारी पेरणीच्या वेळी उचल देतो, त्यामुळे भाव नाकारणं शेतकऱ्याला जड जातं. तुमच्या बँकेची परतफेडीची तारीख आणि या हप्त्यांचा मेळ बसत नाही. खातं थकलं म्हणजे माणूस बुडवा आहे असं लगेच धरू नका, आधी माल कुणाला दिला आणि किती हप्ते आले ते विचारा.

1981 चं आंदोलन याच व्यवहारातून उभं राहिलं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग रोखून धरला, आणि 6 एप्रिल 1981 रोजी पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी मारले गेले. महामार्गालगत आंदोलननगर आहे ते त्याच ठिकाणी. त्याच सुमाराला वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांना प्रा. सुभाष जोशी यांनी संघटित केलं. पुढे ते इथून आमदारही झाले. गावात कर्ज, भाव, मजुरी यावर बोलताना लोकांचा आवाज का चढतो, ते या दोन गोष्टी माहीत असल्या की कळतं. त्याआधी, 1925 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत निपाणीत बहिष्कृत परिषद झाली होती, तिचाही इथे अभिमान आहे.

उसाचं त्या मानाने सरळ. आडसाली लावण जुलै-ऑगस्टची, सोळा ते अठरा महिने; पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची; ‘सुरू’ लावण जानेवारी-फेब्रुवारीची, बारा महिने; शिवाय खोडवा, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून घेतलेलं पीक. कर्जाची मुदत लावणीच्या प्रकारावर धरा, सगळ्यांना बारा महिने लावू नका. तालुक्यात हालसिद्धनाथ साखर कारखाना आहे, पण ऊस सीमेपलीकडे कागल, हमीदवाडा, बिद्रीकडेही जातो. म्हणून ऊसबिलातून वसुली करायची तर कुठल्या कारखान्याला नोंद आहे ते मंजुरीच्या वेळीच लिहून घ्या. तोड झाल्यावर 14 दिवसांत बिल द्यावं हा नियम आहे, पण परतफेडीचं वेळापत्रक त्यावर आखू नका.

पुराच्या पट्ट्यातल्या उसाबद्दल एक तपासणी आवर्जून करा. पाणी बुडख्यात राहून गेलं तर फारसं बिघडत नाही. शेंड्यावरून पाणी गेलं आणि काही दिवस थांबलं की पोंगा (शेंड्याचा कोवळा कोंब) कुजतो, डोळ्यांतून पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात आणि वजन घटत जातं. लांबून असा फड हिरवागार दिसतो. आत शिरून दोन-चार ऊस फोडून बघितल्याशिवाय नुकसान कळत नाही. 2019 आणि 2021 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी थेट महामार्गावर आलं होतं. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे सखल पूल तर चांगल्या पावसात दरवर्षी पाण्याखाली जातात, तेव्हा जुलै-ऑगस्टमधली गावभेट सकाळी फोन करून मगच ठरवा.

आता कागदपत्रं, जिथे बाहेरून आलेला माणूस अडतो. 1956 मध्ये हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं, ते अमलात आलं नाही, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. काउंटरवर यावर मत देऊ नका, कुणी विचारलं तरी. व्यवहारापुरतं लक्षात ठेवा: बाजारात, घरात, शेतात मराठी चालते, जमिनीचा उतारा मात्र कन्नडमध्ये. आधारवरचं नाव, उताऱ्यावरचं कन्नड नाव आणि जुन्या खरेदीखतातलं नाव या तिन्हींत एखादं अक्षर हमखास इकडचं तिकडे असतं. ते दुरुस्त करायला तहसीलला वेळ लागतो, म्हणून हंगामाच्या तोंडावर नव्हे तर एप्रिलमध्येच फायली बघायला घ्या. कामचलाऊ कन्नड वाचायला शिकलात तर मधल्या एजंटाची गरज उरत नाही.

दुसरं म्हणजे सीमेवरच्या गावांत एकाच घराची थोडी जमीन निपाणी तालुक्यात आणि थोडी कागल तालुक्यात असते. इकडे उतारा, तिकडे सातबारा. बोजा दोन्हीकडे तपासा. एका राज्याची कर्जमाफी दुसऱ्या राज्यातल्या खात्याला लागत नाही, आणि त्यावरून निवडणुकीच्या वर्षी तुमच्याच टेबलावर वाद होतील. शेतकरी आधी गावच्या पीकेपीएसकडे, म्हणजे प्राथमिक कृषी पत सहकारी संस्थेकडे जातो, कारण राज्याच्या योजनेत तिथे बिनव्याजी पीककर्ज मिळतं. मग सौहार्द (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी संस्था) किंवा मल्टीस्टेट सोसायटीकडे, जिथे व्याज जास्त पण पैसे त्याच दिवशी. तुमच्याकडे येईपर्यंत त्याच्या डोक्यावर यातलं काही ना काही असतंच. ‘थकबाकी नाही’चा दाखला पीकेपीएसचा मागा, आणि सोसायटीचं कर्ज तोंडी विचारा. घरगुती सुरात विचारलं तर लोक खरं सांगतात.

राहण्याबद्दल थोडक्यात. मुलांच्या शिक्षणाचं बघत असाल तर गंमत अशी की निपाणीचं म्हणून ओळखलं जाणारं देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत आहे. आणि गावातलं बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकात. प्रवेश, शिष्यवृत्ती, आरक्षणाचे दाखले दोन्हीकडे वेगळे लागतात, तेव्हा राज्य आधी ठरवा आणि मग कॉलेज. घर घेताना नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारा. पाणी जवाहर तलाव आणि यमगर्णीजवळच्या वेदगंगेवरून येतं, आणि मे महिन्यात दोन्ही खालावतात. कोल्हापूरला जायला दोन्ही राज्यांच्या बस आहेत. कर्नाटकची महिलांना मोफत प्रवासाची ‘शक्ती’ योजना राज्याबाहेर जाणाऱ्या बसला लागू नाही, आणि महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट महाराष्ट्रातल्या टप्प्यालाच. बायकोला हे आधी सांगा, नाहीतर कोगनोळी नाक्याच्या आसपास कंडक्टरशी हुज्जत ठरलेली.

रुजू व्हायची तारीख तुमच्या हातात असेल तर जानेवारीत या. तंबाखू रानात वाळत असते, उसाची तोड जोरात असते, आणि दोन्ही पिकांचा पैसा अजून कुणाच्या हातात पडलेला नसतो.