‘आमच्या रक्तालाच ही गोळी लागत नाही’

कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांबद्दल हे वाक्य मला सतत ऐकवतात. शेजारच्या कॉटवरच्याला दहा मिलिग्रॅममध्ये झोप लागते, आमच्या माणसाला वीसनेही नाही. मग दोष घराण्यातच असणार, असा हिशोब.

आप्पांचा (नाव व तपशील बदलले आहेत) मुलगा तर अमेरिकेतल्या भावाच्या वंशचाचणीचा (डीएनएवरून पूर्वज शोधणाऱ्या चाचणीचा) अहवालच घेऊन आला. “मॅडम, आमच्या आत्यालाही ट्रामाडॉल लागू पडलं नव्हतं. यात काही सापडतंय का?”

शंका अगदीच पोकळ नव्हती. ट्रामाडॉल, कोडीन या वेदनाशामकांचा बराचसा गुण यकृतात त्यांचं रूपांतर झाल्यावर येतो. ते करणारं सीवायपी२डी६ हे विकर (एन्झाइम) काहींमध्ये मंद असतं, काहींमध्ये भलतंच वेगवान. मंदवाले युरोपात जास्त, वेगवान इथिओपियात. पण ही सरासरी झाली. आडनावावरून किंवा जातीवरून कुणाचा डोस ठरत नाही. शिवाय आप्पांना आता मॉर्फिन सुरू होतं, आणि त्याला या विकराची गरजच नसते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात ११ देशांतले २,२९४ कॅन्सररुग्ण होते. तपासलेल्या एकाही जनुकीय फरकाचा मॉर्फिनसारख्या औषधांच्या डोसशी ठाम संबंध दिसला नाही.

मुलाचं समाधान झालं. माझं नाही. मी एकट्या रुग्णाकडे पाहत नाही, घराकडे पाहते. आणि या घरात आप्पांच्या दुखण्याबद्दल आप्पा सोडून सगळे बोलत होते. पुढच्या भेटीत मुलाला बाहेर बसवलं.

“आप्पा, सकाळी दहा वाजताच्या गोळीने किती वाजेपर्यंत बरं वाटतं?”

“दहाची नाही घेत.”

“आणि दुपारी दोनची?”

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “आत्ताच गोळ्यांची सगळी ताकद वापरली तर शेवटाला काय उरणार? तेव्हा खरं दुखेल. पोरांना बघवणार नाही.”

उशीच्या अभ्र्यात त्यांनी गोळ्या साठवल्या होत्या. जनुकांच्या कुठल्याही चाचणीत हे निघालं नसतं. असा प्रश्न विचारायला मी फार वर्षं शिकले आहे, आणि तो अजूनही बहुतेकदा कामी येतो.

मग आप्पांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मॉर्फिनची ताकद साठवून ठेवता येत नाही. त्याला ठरावीक कमाल डोस नाही. दुखणं वाढलं तर डॉक्टर तोही वाढवतात. साध्या गोळीचा असर साधारण चार तास, म्हणून ती दुखायची वाट न बघता घड्याळाने घ्यायची. डोस वाढला म्हणजे व्यसन लागलं, असं नव्हे. मात्र मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका. खूप गुंगी आली, श्वास मंदावला तर लगेच कळवा. वेळेवर घेऊनही उतार नसेल तर डॉक्टर औषध बदलू शकतात. एकाला मॉर्फिन मानवतं, दुसऱ्याला फेंटानिल. आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. मॉर्फिनने होणाऱ्या बद्धकोष्ठतेच्या त्रासापायी गुपचूप गोळ्या सोडणारेही मी खूप पाहिलेत.