लिंक जुळते, पण पॅकेट पोहोचत नाही

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यांतील यंत्रांच्या नोंदी गोळा करण्यासाठी लिनक्सवर चालणारा एक बोर्ड आम्ही इंदुरात तयार केला आहे. बूटलोडरमध्ये (कर्नल सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) नेटवर्क नीट चालते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू झाल्यावर मात्र १००० एमबीपीएसची लिंक जुळल्याचा संदेश येऊनही एकही पॅकेट पोहोचत नाही. डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणते भाग कसे जोडले आहेत हे कर्नलला सांगणारी फाइल) आम्ही दुसऱ्या एका बोर्डावरून उतरवून घेतली असून तिच्यात ‘फाय-मोड’ला ‘आरजीएमआयआय’ असे लिहिले आहे. चूक कोठे शोधावी?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : दोष बहुधा त्या एका शब्दातच आहे. लिंकचा वेग फाय चिप (नेटवर्कच्या केबलवरील संकेत सांभाळणारी चिप) आणि केबलच्या दुसऱ्या टोकाचा स्विच आपसांत ठरवतात आणि कर्नल तो एमडीआयओच्या, म्हणजे फायची स्थिती विचारण्याच्या वेगळ्या जोडणीच्या, दोन तारांवरून वाचून घेतो. म्हणजे केबल धड आहे आणि डिव्हाइस ट्रीत दिलेला फायचा क्रमांकही बरोबर आहे. पण प्रोसेसरमधील मॅक (पॅकेट पाठवणारा व घेणारा भाग) आणि फाय यांच्यामधून प्रत्यक्ष पॅकेट नेणाऱ्या तारांविषयी तो संदेश अवाक्षरही काढत नाही.

या तारांच्या जोडणीलाच ‘आरजीएमआयआय’ म्हणतात. तिच्यावर १००० एमबीपीएसला १२५ मेगाहर्ट्झचे क्लॉक चालते. त्याचे एक आवर्तन ८ नॅनोसेकंदांचे असते आणि डेटा चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर येत असल्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला जेमतेम ४ नॅनोसेकंद येतात. कड त्या तुकड्याच्या मध्यावर पडावी म्हणून दोन्ही दिशांना क्लॉक सुमारे २ नॅनोसेकंद मागे सारावे लागते. नुसते ‘आरजीएमआयआय’ लिहिले, की त्याचा अर्थ असा होतो की बोर्डावरील क्लॉकचे ट्रॅक मुद्दाम लांबवून हा विलंब तेथेच साधलेला आहे. ‘आरजीएमआयआय-आयडी’ म्हणजे तशी सोय नसल्याने तो चिपच्या आत करायचा आहे, आणि लिनक्समध्ये हे काम सहसा फायकडे असते. नेमका उलटा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात. बोर्डाचा आराखडा करणाऱ्याने ट्रॅक लांबवले नसतील, तर ‘आरजीएमआयआय-आयडी’ हेच लिहावे.

बूटलोडरमध्ये सारे चालते याचेही कारण यातच असावे : त्याने स्वतः, किंवा फायच्या पायांना जोडलेल्या रेझिस्टरांनी, लावलेला विलंब कर्नलमधील फायचा ड्रायव्हर आपण लिहिलेला शब्द प्रमाण मानून काढून टाकतो. खात्री करायची असल्यास ‘ईथटूल’ या लिनक्सच्या कमांडने वेग १०० एमबीपीएसवर आणून पिंग करून पाहावे. तेथे क्लॉक २५ मेगाहर्ट्झचे आणि आवर्तन ४० नॅनोसेकंदांचे असल्यामुळे दोन नॅनोसेकंदांची चूक सहसा पचून जाते. पिंग चालले, तर संशय पक्का समजावा.

शब्द बदलूनही फरक पडला नाही, तर बूटच्या नोंदी पाहाव्यात. तेथे फायसाठी ‘जेनेरिक’ ड्रायव्हर लागलेला दिसल्यास तो विलंबाला हातच लावत नाही. त्या चिपचा स्वतंत्र ड्रायव्हर कर्नलमध्ये घ्यावा लागेल. मॅकच्या ड्रायव्हरनेही आपला विलंब जोडला, तर दोन्ही मिळून ४ नॅनोसेकंद होतात आणि आपण पुन्हा होतो तेथेच येतो.

उतरवून घेतलेल्या डिव्हाइस ट्रीत मॅक पत्ता (नेटवर्कवर प्रत्येक बोर्डाची वेगळी ओळख) लिहिलेला असेल, तर तो मात्र आजच काढून टाकावा आणि प्रत्येक बोर्डाचा पत्ता बूटलोडरकडून भरून घ्यावा. नाहीतर एकाच कारखान्यात दोन बोर्ड बसवताच दोघांचा पत्ता एकच निघेल.