डोहात उतरायचं की काठावर बसायचं? रेनफॉरेस्ट ट्रेकबद्दल तुमचे प्रश्न

जंगलातून गाईडसोबत दोन-तीन तास चालायचं आणि शेवटी नैसर्गिक डोहात मस्त डुंबायचं, अशा ट्रेकबद्दल बरीच पत्रं आलीत. प्रश्न बरेचसे सारखेच होते म्हणून एकत्र केलेत, आणि नावं मुद्दाम काढलीत कारण दोघीतिघींनी घरी न सांगता विचारलंय!

प्रश्न : ताई, रस्ता मोबाईलच्या मॅपवर दिसतो, पायवाट मळलेली असते, मग गाईडला पैसे कशाला द्यायचे? आम्ही पाचसहा जणं आहोत, सगळे फिट आहोत.

उत्तर : रस्ता तुम्हाला सापडेल हो, त्याबद्दल वाद नाही. पण डोहाशी पोचल्यावर पाण्याकडे बघून तुम्हाला काय कळणार आहे? रेनफॉरेस्टमधला डोह म्हणजे स्विमिंग पूल नाही, ती एका वाहत्या नदीची रुंद झालेली जागा असते आणि त्या नदीचं डोकं वर कुठेतरी डोंगरात ढगात असतं. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि वरच्या अंगाला तासभर धो धो कोसळत असतं, तुम्हाला पत्ताही नसतो. त्यातून झाडांचं छत इतकं दाट की पाऊस सुरू झाला तरी पहिले थेंब पानांवरच अडकतात, खाली बसलेल्या माणसाला पाऊस उशिरा कळतो. जमीन आधीच पाणी पिऊन टम्म झालेली, उतार तीव्र, त्यामुळे पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ ओढ्यात येतं आणि लोंढा येतो तो मिनिटांत येतो, तासात नाही.

चांगला गाईड डोहाशी पोचला की सगळ्यात आधी काठावरचा एखादा दगड हेरून ठेवतो, पाणी त्याच्या कुठपर्यंत आहे ते बघतो आणि मग तुमचे फोटो काढता काढता अधूनमधून त्याच दगडाकडे बघत राहतो. तुम्हाला वाटतं तो टाइमपास करतोय. नितळ पाणी एकदम गढूळ व्हायला लागलं, पानं काटक्या वाहत यायला लागल्या, धबधब्याचा आवाज जड झाला, की तो शिट्टी मारतो आणि त्यानंतर "एक शेवटचा फोटो" वगैरे काही नसतं, बॅग चप्पल तिथेच सोडून वर चढायचं. तेही ज्या काठाला परतीची वाट आहे त्या काठाला. पलीकडे अडकलात तर पाणी ओसरेपर्यंत उंचावर बसून राहायचं, ओलांडायचा प्रयत्नही करायचा नाही, हे ओढे चढतात तसे बहुतेक वेळा काही तासांत उतरतातही.

आता दुसरी बाजू पण सांगते, कारण गाईड घेतला म्हणजे सुटलो असंही नाही. 27 जुलै 1999 ला स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख घळीत कॅन्यनिंग, म्हणजे ओढ्याच्या घळीतून उड्या मारत, घसरत, दोराने खाली उतरण्याचा खेळ, करणाऱ्या ग्रुपवर वरच्या वादळाचा लोंढा आला आणि 21 जणं दगावली, त्यातले 3 तर गाईड होते. ते काही रेनफॉरेस्ट नव्हतं, पण पाणी तसंच वागतं. म्हणून बुकिंग करताना किंमत आणि "लंच इन्क्लुडेड आहे का" याच्या आधी विचारा, वरती पाऊस झाला तर तुम्हाला कसं कळतं, तुम्ही ट्रिप कधी रद्द करता, आणि रद्द केली तर पैशांचं काय. तिसरा प्रश्न फालतू वाटेल पण तोच महत्त्वाचा आहे, कारण जिथे रद्द केल्यावर गाईडची त्या दिवसाची कमाईच बुडते तिथे त्याला "आज नको" म्हणणं जड जातं. आणि तो "नको" म्हणाला तर प्लीज त्याच्याशी हुज्जत घालू नका, पैसे खरं तर त्याच "नको"साठी दिलेले असतात.

प्रश्न : मला अजिबात पोहता येत नाही. मिस्टर मात्र पट्टीचे पोहणारे आहेत, ते म्हणतात मी आहे ना, घाबरू नकोस. जाऊ का?

उत्तर : तुम्ही बिनधास्त जा. मला काळजी तुमच्या मिस्टरांची आहे.

म्हणजे बघा, ज्याला पोहता येत नाही तो काठाशी गुडघाभर पाण्यात बसतो, लाइफजॅकेट घालतो, गाईडचं ऐकतो. जो पट्टीचा पोहणारा असतो तो खडकावरून सूर मारतो. पूलमध्ये तळ कुठे आहे ते माहीत असतं, इथे दर मोठ्या पुरात तळाचे दगड सरकतात, मागच्या महिन्यात जिथे दोन पुरुष पाणी होतं तिथे आज पाण्याखाली हातभरावर धोंडा असू शकतो. गाईड स्वतः आधी उतरून, चाचपून "इथून उडी मारा" म्हणाला तर मारा, तीही पाय खाली करून, डोकं खाली करून नाही.

धबधब्याच्या थेट खाली जो पांढरा फेस दिसतो ना, त्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते पाणी माणसाला नीट उचलून धरत नाही, हात मारले तरी पकड येत नाही. शिवाय वरून पाण्याबरोबर दगड, फांदी काहीही येऊ शकतं. फोटोसाठी बाजूने जा, बरोब्बर खाली नको.

खडकातले ते गोल गोल गुळगुळीत रांजणखळगे दिसायला फार गोड असतात. भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरगर फिरून वर्षानुवर्षं खडक घासतात, त्यातून ते होतात. त्यांच्या भिंती इतक्या गुळगुळीत असतात की आत घसरलेल्याला धरायला काही मिळत नाही. आणि मोठाल्या धोंड्यांच्या राशीतून पाणी खालून जातं तिथे वरून सगळं शांत दिसतं पण आतून ओढ असते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये बॅबिंडा बोल्डर्स म्हणून जागा आहे, तिथे वरच्या बाजूला पोहायची छान परवानगीची जागा आहे आणि थोडं खाली डेव्हिल्स पूल आहे, जिथे इतक्या वर्षांत कितीतरी जणं जिवानिशी गेलीत, बहुतेक तरुण आणि धडधाकट. पाट्या लावल्यात, कठडे केलेत, तरी लोक ओलांडतात. काय बोलणार.

एक गोष्ट दोघांनीही पाठ करा. प्रवाहात पाय सुटले तर उभं राहायची धडपड करायची नाही, पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो आणि पाणी मागून ढकलून माणसाला पालथं पाडतं. पाठीवर व्हायचं, पाय पुढे आणि वर, पाणी नेईल तसं जायचं आणि हाताने काठाकडे सरकत राहायचं. पाणी गुडघ्याखाली आणि संथ झालं की मगच उभं राहायचं.

प्रश्न : जंगलातलं पाणी एकदम प्युअर असतं म्हणतात, प्यायलं तर चालेल का? आणि डोह चहाच्या रंगाचा असेल तर तो घाण समजायचा का?

उत्तर : उलटं आहे सगळं! चहाच्या रंगाचं पाणी बहुतेक वेळा घाण नसतं, कुजलेल्या पानांतलं टॅनिन उतरतं, चहाला रंग येतो तसाच. आणि काचेसारखं नितळ दिसणारं पाणी प्यायच्या लायकीचं असेलच असं नाही, कारण जंगलात उंदीर, डुकरं, माकडं सगळी राहतात आणि त्यांचं मलमूत्र पावसाबरोबर ओढ्यातच येतं.

त्यातला खरा विषय म्हणजे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जिवाणूंमुळे होणारा ताप. 2000 साली मलेशियातल्या साबाह भागात, म्हणजे बोर्निओच्या जंगलात, इको चॅलेंज नावाची मोठी साहसी शर्यत झाली, 304 जण धावले, पोहले, चिखलातून गेले. नंतर त्यातल्या ज्या 189 जणांशी संपर्क झाला त्यापैकी 80 जणांना लेप्टोसारखा ताप आल्याचं निघालं, आणि सेगामा नदीत पोहलेल्यांना धोका जास्त होता. ते लोक दिवसेंदिवस पाण्यात होते, तुमचं तासाभराचं डुंबणं आणि ते एक नाही, त्यामुळे घाबरून ट्रिप कॅन्सल करू नका. फक्त पायाला, गुडघ्याला उघडी जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावा किंवा सरळ काठावर बसा, पाणी गिळू नका, मोठ्या पावसानंतर लगेचच्या दिवसांत उतरू नका. परत आल्यावर महिन्याभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना "मी जंगलातल्या पाण्यात पोहले होते" हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. आधीच गोळ्या घ्याव्यात का हेही त्यांनाच विचारा, मैत्रिणीला नाही.

आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. पाण्यातला एक अमिबा लेन्सखाली अडकून बसला तर डोळ्याचं फार वाईट इन्फेक्शन होतं. तासभर जग धूसर दिसलं तर काही बिघडत नाही.

प्रश्न : जळवांचा उपाय सांगा. मीठ की लायटर?

उत्तर : दोन्ही नको. मीठ टाकलं किंवा चटका दिला की जळू पोटातलं जखमेत ओकते. नखाने तिचं बारीक टोक कातडीवरून सरकवा, मग जाड टोक, आणि टिचकी मारून उडवा. रक्त थोडा वेळ वाहतं कारण ती रक्त न गोठण्याचं द्रव्य सोडते, दाबून धरा, थांबेल. किंचाळण्यात जास्त एनर्जी जाते.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी जाणार आहोत. पोहण्याचे कपडे घालून जंगलातून चालायचं बरोबर वाटत नाही, आणि तिथे बदलायला जागा नसते म्हणे. काय घालायचं?

उत्तर : जागा नसतेच, एखादं मोठं झाड आणि मैत्रिणीने धरलेला टॉवेल एवढंच. म्हणून पोहायचं आतून घालूनच निघा आणि वरून फुल लेगिंग आणि लांब बाह्यांचा पटकन वाळणारा टीशर्ट, त्यातच पाण्यात उतरलात तरी चालतं. जीन्स आणि जाड कॉटन मात्र घरी ठेवा, तिथल्या दमट हवेत घामच वाळत नाही तर ओली जीन्स कधी वाळणार, मांड्या सोलवटून निघतात. बूट ओले होणारच आहेत हे धरून चाला, शेवाळलेल्या खडकावर पकड देणारा रबरी सोल हवा, स्लिपर आणि अनवाणी दोन्ही नको. चालताना आधारासाठी दिसेल ते झाड धरायची सवय सोडा, काहींना काटे असतात, आणि क्वीन्सलँडच्या जंगलात जिम्पी-जिम्पी नावाचं हृदयाच्या आकाराच्या पानांचं झाड आहे, त्याची काचेसारखी बारीक लव कातडीत घुसली तर दुखणं महिनोन् महिने परत परत येतं.

अजून एक, डासांचा स्प्रे आणि सनस्क्रीन थापून थेट डोहात उडी मारू नका. बेडकं कातडीतून पाणी शोषतात, श्वासही घेतात, तुमच्या अंगावरचं सगळं त्यांच्या अंगात जातं. लांब बाह्या घातल्या की स्प्रे कमी लागतो, हा त्यातला सोपा मार्ग. शाम्पू तर बॅगेतच घेऊ नका. आणि एका जंगलातले चिखलाचे बूट तसेच दुसऱ्या जंगलात नेऊ नका, बेडकांना मारणारी एक बुरशी, कायट्रिड नाव तिचं, ओल्या चिखलातून पसरते आणि तिने कितीतरी जाती संपवल्यात. घासा, धुवा, पूर्ण वाळवा.

प्रश्न : पहिल्यांदाच जायचंय, जगात कुठे सुरुवात करावी?

उत्तर : कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावरचं एल युंके हे जंगल सोपं आहे, पायवाटा ठीकठाक, माणसाला धोकादायक विषारी साप नाहीत, आणि अंधार पडला की कोकी नावाचे बोटभर बेडूक असा कल्ला करतात की बस. 2017 च्या मारिया वादळाने तिथल्या वाटांची वाट लावली होती आणि काही जागा बरीच वर्षं बंद राहिल्या, त्यामुळे कुठली वाट चालू आहे ते बघूनच ठरवा. ग्वाटेमालातलं सेमुक चाम्पे दिसायला सगळ्यात भारी, तिथे काहाबोन नदी चुनखडीच्या साधारण 300 मीटर लांब नैसर्गिक पुलाखालून जाते आणि त्या पुलाच्या पाठीवर हिरव्यानिळ्या पाण्याची कुंडं पायऱ्यांसारखी आहेत. वर शांत कुंडं आणि खाली गर्जना करणारी नदी, त्यामुळे नदी जिथे जमिनीत शिरते त्या तोंडाजवळ जायचं नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मॉसमन गॉर्ज या घळीत तिथले मूळ कुकू यालांजी लोक स्वतः फिरवतात, सुरुवातीला धुराने स्वागत करतात आणि कुठलं झाड कशाला वापरायचं ते सांगतात, मला विचाराल तर पोहण्यापेक्षा तेच ऐकण्यासारखं आहे. त्या भागात खालच्या सपाटीच्या नद्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, तिथे पाटीवर मगरीचं चित्र दिसलं की विषय संपला, "आत्ता तर काहीच दिसत नाहीये" हे कारण चालत नाही.

प्रश्न : आई 66 वर्षांची आहे, मुलगा 7 वर्षांचा. दोघांना न्यावं का?

उत्तर : वयापेक्षा वाट बघा. बहुतेक डोह दरीत असतात, म्हणजे जाताना उतार आणि येताना, सगळे दमलेले, ओले आणि भुकेले असताना, चढ. माहितीत "सोपा, दीड तास" लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा फक्त जाण्याचं असतं. आईंचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना उतारालाच जास्त त्रास होईल, त्यांच्यासाठी काठी घ्या आणि गाईडला आधीच सांगा म्हणजे तो ग्रुपचा वेग त्यांच्यावर ठेवेल. घामाने क्षार जातात म्हणून नुसतं पाणी नको, ओआरएस ठेवा. निघा सकाळी लवकर, कारण दाट छताखाली जमिनीपर्यंत उजेड जेमतेम पोचतो आणि दुपार कलली की तिथे संध्याकाळच असते. मुलासाठी लाइफजॅकेट त्याच्या मापाचं आहे का हे बुक करतानाच विचारा, मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोरगं खालून निसटतं, आणि "तिथे बघू" म्हणाले तर दुसरा ऑपरेटर बघा.