इसार देण्याआधी

दापोली

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले प्लॉटचे कागद काल रात्री दोनदा वाचले. सातबारा पाहिला, रंगीत नकाशा पाहिला, ड्रोनवरून काढलेला व्हिडिओही पाहिला. तो बघताना मलाही भरून आलं. त्याच कड्यावर तुझे बाबा आणि मी लहानपणी करवंदं काढायला जायचो. तरीही सोमवारी तू पैसे पाठवणार आहेस, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. इसार देऊ नकोस.

कारण साधं आहे. तू कॅनडाचं नागरिकत्व घेतलंस, भारतीय पासपोर्ट परत केलास. त्यावरून कुणी टोमणा मारला तर मनाला लावून घेऊ नकोस, पोटापाण्यासाठी कोकणातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेलेला आहे. पण कायद्याच्या नजरेत दापोली आता तुझ्यासाठी परदेश आहे. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड आहे, म्हणून तुला इथे राहतं घर, फ्लॅट, दुकान, बिनशेती प्लॉट घेता येतो. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. तू पाठवलेला सातबारा सरळसरळ शेतजमिनीचा आहे. त्यावर 'सी-व्ह्यू फार्म व्हिला' असं छापलं म्हणून जमिनीची जात बदलत नाही.

एजंट म्हणतो, आजोबा शेतकरी होते, शेतकरी दाखला काढून देतो, मग कसली अडचण? हे ऐकून माझ्याकडे येणारी तू पहिली नाहीस, म्हणून नीट सांगते. इथे दोन दारं आहेत. एक राज्याचं, कुळकायद्याचं कलम ६३. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दाखला हे दार उघडतो. दुसरं दार केंद्राचं, परकीय चलनाच्या कायद्याचं, म्हणजे फेमाचं आणि त्याखालच्या २०१९ च्या नियमांचं. त्या दाराला आजोबांचा दाखला चालत नाही. भारतीय पासपोर्ट ठेवून दुबईत राहणाऱ्या तुझ्या चुलतभावालाही चालत नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला की व्यवहार पक्का झाला, असं लोक समजतात. दस्त नोंदवणं वेगळं आणि तुला ती जमीन घ्यायचा अधिकार असणं वेगळं. पुढे प्रकरण निघालं तर रकमेच्या तिप्पट दंडापर्यंत जाऊ शकतं.

त्याने सुचवलेली दुसरी वाट त्याहून वाईट आहे. 'इथल्या एखाद्या नातेवाइकाच्या नावावर घेऊ, पैसे तुमचे.' याला बेनामी व्यवहार म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर अशी मालमत्ता सरकारजमा होते आणि एक ते सात वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. ज्याच्या नावावर घेशील त्यालाही तू त्यात ओढशील. मी वकिली सुरू केली तेव्हा 'भावाच्या नावावर ठेवलंय' हे वाक्य रोज कानावर यायचं. त्यातल्या कितीतरी भावाभावांत आज बोलणं उरलेलं नाही.

आता 'एनए, म्हणजे बिनशेती, प्रोसेसमध्ये आहे' या एजंटच्या वाक्याबद्दल. प्रोसेसमध्ये असलेल्या एनएवर पैसे द्यायचे नसतात, हातात आलेल्या लेखी मंजुरीवर द्यायचे असतात. शिवाय तुझा प्लॉट भरतीच्या रेषेपासून मला जेमतेम सव्वाशे मीटर दिसतो. किनाऱ्यालगतचा ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात येतो आणि गावाकडच्या किनाऱ्यावर त्यातले पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. २०१९ च्या अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ठिकाणी ते ५० मीटरवर आणलं, पण आपल्या वाडीसारख्या विरळ वस्तीला २०० मीटरच. तू विचारशील, मग खाली भंडाऱ्यांची, कोळ्यांची घरं कशी? ती आधीपासूनची आहेत, आणि स्थानिकांना तिथे ज्या सवलती आहेत त्या तुला-मला नाहीत. केरळात कोचीजवळ मराडूला सीआरझेडचा भंग झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२० च्या जानेवारीत चार उंच निवासी संकुलं स्फोटकं लावून पाडली. त्यात घरं घेतलेली माणसं फसवणूक करणारी नव्हती, विश्वास ठेवणारी होती.

एवढं वाचून तू म्हणशील, आत्या, मग मी बिनशेती प्लॉट किंवा बांधलेला बंगला घेते. घेता येईल. कायद्याची हरकत नाही. पैसे परदेशस्थांसाठीच्या एनआरई किंवा एनआरओ बँक खात्यातून, नाहीतर तिकडून थेट बँकेतून यावेत, रोखीत एक रुपयाही नको. पण त्याआधी मला तुला दोन घरांबद्दल सांगायचंय. गेली काही वर्षं दोन्हींच्या किल्ल्या माझ्या डोळ्यांसमोर फिरल्यात.

पहिलं घर माझ्या एका अशिलाचं. आखातात नोकरी केली आणि कर्द्याच्या बाजूला सुंदर बंगला बांधला. कागद मीच तपासले होते, त्यात खोट नव्हती. समोर सगळी काच, कारण समुद्र दिसायला हवा. पडवी नाही, वळचण हातभर. पश्चिमेकडून पाऊस आडवा येतो आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, हे नकाशा काढणाऱ्याने पाहिलेलंच नव्हतं. ते वर्षातून दहा-बारा दिवस यायचे. पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतींना ओल, दुसऱ्यानंतर खाऱ्या हवेने सरकत्या खिडक्या जागच्या जागी अडकलेल्या. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ दिवेआगरला किनाऱ्यावर चढलं आणि आपल्या तालुक्यातल्या पोफळी, माड काडीसारखे मोडले. त्या बंगल्याचा पत्रा उडून शेजारच्या आगरात पडला. मालक फोनवर होते, आणि ताडपत्री टाकायला इथे त्यांचं कुणीच नव्हतं. वाडीतली माणसं आधी स्वतःच्या घरावर चढणार की नाही? दिवाळीत मी त्यांच्यासोबत दार उघडलं तेव्हा सोफ्यावर बुरशीची पांढरी चादर होती. ते उंबऱ्यावरच उभे राहिले, आत गेले नाहीत. त्या कागदांवर मी 'निर्वेध' असं लिहून सही केली होती, आणि घराला राखणदार कोण हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता. म्हणून तुला विचारते आहे.

दुसरं घर तुझ्या आजीचं.

आजी जाऊन नऊ वर्षं झाली. मला वाटलं होतं, घर बसलं असेल. गेल्या कोजागिरीच्या आसपास शेजारच्या वहिनींना घेऊन मी आत गेले. पडवीचे चिरे कोरडे. ओटीवर माकडांनी सरकवलेली चार-सहा कौलं आणि त्यांच्याखाली जमिनीवर पाण्याचा काळा डाग. उजवीकडच्या खोलीत एका वाशावर वाळवीची मातीची रेघ होती. बोटाने दाबलं तर वासा आतून पोकळ, कागदासारखा. पण माजघर आणि स्वयंपाकघर बघ, वासे काळे कुळकुळीत आणि टणक, टिचकी मारली तर खणखणीत आवाज. मी वहिनींकडे बघितलं. म्हणाल्या, 'पावसात दर आठवड्याला चूल पेटवते मी. तासभर धूर होऊ देते. काकूंनी सांगितलेलं.' नऊ पावसाळे, बाय. कुणी एक पैसा दिलेला नाही आणि कुणी विचारलंही नाही. चुलीजवळ झावळ्यांचा आणि करवंट्यांचा ढीग नीट रचून ठेवलेला होता.

ते घर अजून तुझ्या आजोबांच्या नावावर आहे. सातबारा मी काढून पाहिला, डिजिटल सहीचा आता घरबसल्या मिळतो. घर आणि आगर धरून तेवीस गुंठे, सामाईक, आणि नावं आजोबा व त्यांच्या दोन भावांची. तिघेही हयात नाहीत. म्हणजे बाबांचं नावच लागलेलं नाही. तू जे दीड हजार फुटांचं छप्पर समुद्राकाठी शोधते आहेस, ते पाखाडीच्या वरच्या टोकाला उभं आहे आणि तुझ्या बाबांना त्याचा वारस म्हणून कागदावर कुणी ओळखत नाही.

इथे कायद्याचं एक वळण आहे, ते नीट वाच. तुला शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबांना ती बक्षीसपत्राने तुला देताही येत नाही. पुष्कळ जण इथेच चुकतात, प्रेमाने बक्षीसपत्र करून टाकतात. पण वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ती तुझ्याकडे येऊ शकते, परदेशी नागरिक झालीस तरी. ती तुला ठेवताही येते. विकायची झाली तर मात्र भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येईल, आणि माझी इच्छा आहे की ती वेळ येऊ नये. म्हणजे तुझ्यासाठी जे एकच दार उघडं आहे ते बाबांच्या नावावरून जातं. त्यांचं वय बहात्तर आहे. हे काम त्यांच्या हयातीत व्हायला हवं.

करायचं काय ते सांगते. आजोबांचा आणि दोन्ही चुलत आजोबांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज. फेरफार लिहिला की हरकतीसाठी नोटीस निघते, पंधरा दिवसांत कुणाची हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत येईल ती पुण्याच्या काकांकडून, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्यांच्याशी बोलणं वकिलाने नाही, तू करायचंस. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून तू शिमग्याची पालखी पाहिली आहेस. सगळे राजी झाले तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप होतं. मुलींचा हिस्सा सोडू नये, तुझ्या दोन्ही सख्ख्या आत्यांची नावंही लागली पाहिजेत. त्या म्हणतील आम्हाला नको, तरी नावं लागू देत, हक्कसोड नंतर त्यांनी समजून-उमजून करावं. शेवटी बाबांचं मृत्युपत्र, दोन साक्षीदारांसमोर, आणि शक्यतो नोंदवलेलं.

'इतर हक्क' हा रकाना मी भिंग घेऊन वाचला. कुळाचं नाव नाही, ही मोठी गोष्ट. कुळकायद्याच्या १ एप्रिल १९५७ ने कोकणात कितीतरी जमिनींचे मालक बदलले, आणि आजही जुन्या फेरफारात एखादं कूळ दडलेलं सापडतं. तुमच्या आगरात दोन फणस मात्र शेजाऱ्यांच्या नावावर आहेत. जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, आपल्याकडे हे असतं. ते तोडायचा विचारही करू नकोस.

तुला इथे येता येत नसेल तर मुखत्यारपत्र दे, पण आम नको. विशेष दे, ज्या कामासाठी आहे तेवढंच लिहिलेलं, विक्रीचा अधिकार नसलेलं. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित कर, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. हे विसरल्यामुळे खोळंबलेली कामं मी मोजलेली नाहीत, एवढी आहेत. तिकडच्या करसल्लागारालाही कळव. स्वतः राहण्यासाठीचं परदेशातलं घर टी-११३५ या कॅनडाच्या करखात्याच्या फॉर्ममध्ये दाखवावं लागत नाही, पण ते मुख्यतः पर्यटकांना भाड्याने दिलंस आणि अशा परदेशी मालमत्तेची एकूण किंमत एक लाख कॅनडियन डॉलरच्या वर गेली तर दाखवावं लागतं. होमस्टेचं नंतर बघू, घाई नको.

आणि इसाराची जी रक्कम तू काढून ठेवली आहेस, त्यातली थोडी बाबांना पाठव, छपरासाठी. सुताराशी मी बोलले. उजवीकडचे नऊ वासे आणि रिपा बदलायला हव्यात, कौलं निम्मी जुनीच बसतील. सिमेंटचा स्लॅब टाकू नकोस, कितीही जणांनी सुचवलं तरी. चिऱ्याच्या भिंती श्वास घेतात, कौलं फुटली तर एक बदलता येतं. काम आगोटीच्या आधी, मेच्या मध्यापर्यंत संपलं पाहिजे. पश्चिमेच्या पडवीला झापं बांधायला माणूस मिळतो अजून. विहिरीचं पाणी मी मेमध्ये चाखून ठेवीन, खालच्या आळीतल्या विहिरी तेव्हा मचूळ होतात, तुमची वर आहे, पण खात्री करू.

वहिनींना पगारी राखणदार करायचं तुझ्या मनात येईल. आधी येऊन त्यांच्या ओटीवर बस, चहा घे. नऊ वर्षांचं काय ते तू त्यांना तुझ्या तोंडाने विचार. पैशांचं त्यानंतर ठरव, आणि ठरवशील ते कमी ठरवू नकोस, त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे.

गणपतीला तुझी सुट्टी जमते का ते या आठवड्यात कळव, म्हणजे तलाठ्याकडे आणि काकांकडे मी त्याच दिवसांची वेळ मागते. बाबांना सांग, घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि आजोबांच्या हातचा एक नकाशा आहे, तो फेकू नका. ट्रंकेची किल्ली वहिनींकडे नाही, ती तुझ्या आईकडेच असणार.

तुझी,
आत्या