बाजेवरून खाली उतरू द्या

वाचकांचे प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत ३१ वर्षं नर्सबाई म्हणून काम करून निवृत्त झालेल्या ताई या सदरात उत्तरं देतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा १४ महिन्यांचा झाला. धरून उभा राहतो, बाजेच्या काठाकाठानं दोन-चार पावलं टाकतो, पण हात सुटला की मटकन बसतो. नणंदेचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला, त्यामुळे घरात रोज तोच विषय. सासूबाई म्हणतात, "गाड्याबिगर पोराचे पाय कसे सुटतीन? सुताराकडून पांगुळगाडा करून आना." यांनी तालुक्याहून गोल वॉकर आणला, तो अजून खोक्यातच आहे. सध्या कपाशीची वेचणी सुरू आहे. मी सकाळी वावरात जाते ती चारलाच येते. तोवर मुलगा आजीपाशी बाजेवर असतो. खाली सोडायला विंचूकाट्याची भीती वाटते. वॉकरमध्ये ठेवू का? मालिश करताना पाय ओढायचे का? त्याच्या पायात काही कमी तर नसेल ना?
— एक आई, घाटंजी तालुका

उत्तर : बाई, आधी महिन्यांचं बोलू, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतली निरोगी लेकरं पाहून २००६ साली जे कोष्टक काढलं, त्यात आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ साधारण ८ ते साडेसतरा महिने असा आहे. नणंदेचं लेकरू दहाव्यात चाललं ते यातच बसतं आणि तुझं चौदाव्यात काठ धरून चालतंय तेही यातच. शंभरातली चारेक लेकरं तर गुडघ्यांवर रांगतच नाहीत, आणि तरी चालतात. तुझा मुलगा दिवस भरायच्या आधी झाला असेल, तर जितके आठवडे आधी झाला तितके वयातून वजा करून मोज. काठ धरून आडवी पावलं टाकणं ही चालण्याच्या अगदी अलीकडची पायरी आहे. पायात मोठी कमी असती तर तो सहसा तिथवर आला नसता.

आता मला खटकलं ते सांगते. सकाळपासून चारपर्यंत लेकरू बाजेवर. तू एकदा त्या बाजेवर अनवाणी उभी राहून बघ. सुंभ खाली दबतो, पाऊल खोलगट झोळात जातं, टाच टेकतच नाही. आपल्याला, मोठ्या बाईला, तिथं तोल सावरता येत नाही. त्या लेकरानं पायाला रेटा द्यायचा तरी कशावर? बाजेवर ते बसायला शिकतं, लोळायला शिकतं, पण चालायला शिकायला त्याला टणक जमीन लागते. न्यूयॉर्कच्या विद्यापीठातला एक अभ्यास २०१२ साली छापून आला. १२ ते १९ महिन्यांची लेकरं मोकळी खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात, असं त्यात मोजलेलं आहे. तासाला सतरा वेळा, बाई. हे पडणं-उठणंच त्याची शाळा आहे, आणि तुझ्या लेकराचे दिवसाचे सात-आठ तास या शाळेबाहेर जातात. यात तुझा दोष नाही, सासूबाईंचाही नाही. विंचवाची भीती खरी आहे. वेचणीच्या दिवसांत विंचू चावलेली लेकरं मी स्वतः रात्रीबेरात्री मिळेल त्या गाडीत घालून दवाखान्यात नेली आहेत.

म्हणून अख्खं घर नको, छपरीतली चार हात जागा पक्की कर. त्या जागेजवळ तुराट्यांचा भारा, गोवऱ्यांची रास, चपलांचा ढीग, कापसाची गाठोडी काही ठेवायचं नाही. विंचू तिथंच दडतो. रोज सकाळी चटई उचलून झटकायची, भिंतीच्या फटी मातीनं लिंपायच्या. पाण्याची बादली आणि टाकं झाकलेलं हवं. बादलीतल्या वीतभर पाण्यातही लेकरू तोंडावर पडलं तर उठू शकत नाही. चुलीकडच्या बाजूला फळी आडवी लाव. एवढं झालं की बाज त्याच जागेच्या कडेला ओढ आणि लेकराला तिच्यावर नाही, तिच्या शेजारी उभं कर. आजी बाजेवर, लेकरू खाली. आजीलाही उठबस पडत नाही.

मग काय होतं ते पाहा. लेकरू बाजेचा काठ धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातं. त्या टोकाला धान्याची कोठी किंवा लोखंडी पेटी अशी ठेव की मध्ये एक वीत अंतर राहील. एक हात बाजेवर, दुसरा पेटीवर, असं ते ओलांडेल. चार दिवसांनी अंतर दीड वीत कर, मग हातभर. एका सकाळी बाजेवरचा हात सुटलेला असेल आणि पेटीवरचा अजून पोचलेला नसेल. तो क्षण बघायला घरात कोणीतरी हवं. मी कितीतरी घरांत तो पाहिला आहे. लेकराचे दोन्ही हात खांद्याच्या वर जातात, पाय फाकतात, पोट पुढे येतं, श्वास रोखलेला असतो. त्या वेळी "आला, आला!" म्हणून ओरडू नका, ते दचकून बसतं. पेटीपलीकडे गप्प बसायचं, हात पसरून.

तू घरी असशील तेव्हा त्याच्यापुढे जमिनीवर वाटी किंवा टमाटर ठेव. उभ्यानं वाकून उचलेल, परत उभा होईल. मांडीत आणि कुल्ल्यात बळ येतं ते यानं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरात असेलच. त्याची दोरी धरून तू मागे मागे सरक, तो नंदीच्या मागे येईल.

त्याचे दोन्ही हात वर ओढून चालवू नका. तसं केलं की लेकरू चवड्यांवर येतं, सगळा भार तुमच्या हातांवर टाकतं आणि तोल शिकतच नाही. धरायचंच तर कमरेला, दोन बोटांनी. आणि एका हाताला धरून हिसक्यानं उचलणं तर कधीच नको, कोपराचं हाड सरकतं. जत्रेहून, लग्नाहून रडत आलेली, एक हात लटकलेली लेकरं मी पाहिली आहेत.

वॉकर खोक्यातून काढू नकोस, परत कर. त्यात लेकरू कापडी खोगिरात अर्धं लटकलेलं असतं, पायाच्या बोटांनी जमीन मागे ढकलतं, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत आणि पडण्याची सवय होत नाही. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. आणि तो पळतो किती! सेकंदात दोन हात. कॅनडात २००४ पासून असे वॉकर विकायलाच बंदी आहे. मला हे कळलं ते पुस्तकातून नाही. माझा धाकटा नऊ महिन्यांचा असताना मीच हौसेनं वॉकर घेतला होता. मी दारात उभी होते, तीन पावलांवर. तो ओसरीच्या कडेपर्यंत आला आणि वॉकरसकट पायरीवरून खाली गेला. कपाळाला तीन टाके पडले. खूण अजून आहे, आणि ती दिसली की मला तो आवाज ऐकू येतो.

सासूबाईंचा पांगुळगाडा वेगळा आहे, त्यांना तसं सांग, बरं वाटेल. त्यात लेकरू स्वतःच्या पायांवर उभं असतं आणि पाठीमागून ढकलतं. तुझा मुलगा आपल्या आपण धरून उभा राहतो, म्हणजे गाडा द्यायला हरकत नाही. फक्त गाडा हलका असला की पुढे पळतो आणि लेकरू तोंडावर आपटतं. दांडा धरून उठायला गेलं तर मागे कलंडतो. म्हणून पुढच्या चाकावरच्या लाकडाला अर्धी वीट सुतळीनं करकचून बांध. फरशीवर नको, मातीच्या अंगणात दे. मातीत चाक अडतं तेच चांगलं. सुताराला कडा घासून द्यायला सांग, आणि लेकरू गाड्याशी असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

मालिश हलक्या हातानं कर, लेकराला आवडते म्हणून. पाय ओढणं, मुरडणं, पायाला धरून उलटं टांगणं बंद. चहा देत असाल तर तोही बंद. वरणात कुस्करलेली भाकर, पालेभाजी, अंडं द्या. आशाताई लोहाचं सिरप देते, ते आठवड्यातून दोनदा १ मिली चुकवू नकोस.

आता दवाखान्यात कधी न्यायचं. १८ महिने भरले आणि आधाराशिवाय चालत नाही, तर दुसऱ्या दिवशीच. त्याआधीही, एक पाय ओढत असेल, कायम चवड्यांवरच उभा राहत असेल, एकच हात वापरून दुसरा मुठीत आवळून ठेवत असेल, अंग काठीसारखं ताठ किंवा फडक्यासारखं ढिलं वाटत असेल, किंवा काल येत होतं ते आज येईनासं झालं असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट पाहायची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागायची.

आणि चालायला लागल्यावर झुलत चालत असेल तर तेही दाखवायचं. माझ्या एका गावात एक मुलगी होती. पंधराव्या महिन्यात चालली, वेळेवर, पण बदकासारखी डुलत. सगळं गाव कौतुक करायचं, मीही करायचे. दुखत नव्हतं, रडत नव्हती. तीन वर्षांची झाली तेव्हा कळलं की खुब्याचा सांधा जन्मापासून जागेवर नव्हता. मोठं ऑपरेशन झालं, कित्येक आठवडे कमरेपासून प्लास्टर. पहिल्या काही महिन्यांत दिसलं असतं तर मांड्या फाकवून ठेवणाऱ्या पट्ट्यावर बहुधा भागलं असतं. प्रत्येक लसीला ती माझ्याच मांडीवर असायची. तेव्हापासून मी प्रत्येक लेकराच्या मांड्या फाकवून पाहत आले, दोन्ही सारख्या उघडतात की नाही, आणि पाय लहानमोठे दिसतात का.

प्रश्न : ताई, माझी नात १५ महिन्यांची आहे, चांगली चालते. पण पाय धनुष्यासारखे बाकदार दिसतात आणि तळवा सपाट आहे. लोक म्हणतात, शिट्टीचे कडक बूट घाला, पाय सरळ होतील. घ्यावेत का?
— एक आजोबा, अचलपूर तालुका

उत्तर : भाऊ, दोन वर्षांपर्यंत बहुतेक लेकरांचे पाय बाकदारच असतात. पुढे तीन-चार वर्षांची झाली की उलट गुडघे एकमेकांना लागतील, तेव्हाही घाबरू नका. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांचे पाय आपोआप सरळ होतात. तळव्याची कमान या वयात चरबीखाली लपलेली असते. एकच पाय वाकला असेल, दोन वर्षांनंतर बाक वाढत असेल किंवा मनगटं सुजल्यासारखी जाड दिसत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. ड जीवनसत्त्व कमी पडल्यानं होणारा मुडदूस असू शकतो.

बुटानं पाय सरळ होत नाहीत. घरात, अंगणात अनवाणीच चालू द्या; बोटांनी माती धरता आली की तोल येतो. पण आपल्याकडचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे, सिमेंटच्या अंगणात दुपारी आपला पाय ठरत नाही. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावर. बाहेर नेताना पादत्राण घ्या, पण ज्याचा तळ तुम्हाला दोन बोटांनी दुमडता येईल असंच, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असं. आणि दुकानात माप घेताना तिला कडेवर किंवा बसवून ठेवू नका, उभी करा. उभं राहिलं की पाऊल पसरतं.