योहानाने जकातदारांना राजीनामा द्यायला सांगितलं नाही

सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे ख्रिस्ती विश्वासणारे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ते झोप लागत नाही, घरी चिडचिड होते, अशा तक्रारी घेऊन. खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडतं. पाळकांच्या कामाला पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हणतात, नर्सच्या कामाला सेवा. मग माझं काय? मी तर लोकांना स्क्रीनला खिळवून ठेवण्याचा पगार घेतो. माणसं बदलतात, गाऱ्हाणं हेच. म्हणून त्यातल्या एकाची हकिकत सांगते, त्याच्या परवानगीने आणि ओळख पुसून.

मुलांच्या अभ्यासाच्या एका अ‍ॅपवर तो फ्रंटएंड डेव्हलपर, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारे पडदे बनवणारा, होता. पहिल्याच भेटीत म्हणाला, "मॅडम, राजीनामा लिहून तयार आहे. सेमिनरीत, धर्मशास्त्र शिकायला, जायचं म्हणतोय. फक्त बायकोला कसं सांगायचं तेवढं सांगा."

"सेमिनरीत जाऊन काय करायचंय?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिथे निदान हातून काही वाईट तरी घडणार नाही."

मी कान टवकारले. ज्याला खरोखर पाचारण असतं तो कुठे जायचंय याबद्दल भरभरून बोलतो. हा कुठून सुटायचंय याबद्दल बोलत होता. अपराधीपणाची भावना घेऊन कोणी आलं की मी ती खोडून काढत नाही आणि घाईने दिलासाही देत नाही. मी तिचा पत्ता विचारते. नेमकं काय केलंत, कधी, कोणासाठी? 'माझं कामच वाईट' या वाक्याचा पश्चात्ताप करता येत नाही, दुरुस्ती तर नाहीच. असं मोघम ओझं माणूस वर्षानुवर्षं वाहतो आणि त्यालाच भक्ती समजतो. माझे काही सहकारी अशी भावना सैल करण्यावर भर देतात. माझा अनुभव असा, की आधी ती घट्ट, नेमकी करावी लागते.

त्याला म्हटलं, पुढच्या वेळी महिन्याभरातल्या कामांची यादी आणा. बहुतेक कामं साधी होती. लॉगिनचा बग, फॉर्ममधली चूक, आणि अंध वापरकर्त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला कळावीत म्हणून बटणांना दिलेली नावं. हे शेवटचं त्याने 'किरकोळ' म्हणून सोडून दिलं. मी त्याला थांबवून विचारलं, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, हे कुठे वाचलंत? "लेवीय, एकोणिसावा अध्याय," तो पटकन म्हणाला आणि मग स्वतःच हसला. वचन पाठ होतं, पण आपण मंगळवारी दुपारी तेच पाळत होतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

यादीतली एक ओळ मात्र त्याने भराभर वाचली.

"हे काय आहे?"

"काही नाही. कॅन्सलेशन फ्लो."

"दाखवा."

त्याने फोन पुढे केला. वर्गणी बंद करायला एकामागून एक पाच पडदे. शेवटच्या पडद्यावर ठळक निळं बटण, 'सुरू ठेवा', आणि त्याखाली डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही अशी फिकट राखाडी ओळ: 'नको, मला माझ्या मुलाच्या प्रगतीची पर्वा नाही.' वर्गणी थांबवायची तर आईबापांनी या ओळीवर बोट ठेवायचं! अशा फसव्या रचनांना डार्क पॅटर्न हे नाव हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये दिलं, त्यामुळे आपला हा मित्र काही एकटा नव्हता.

"मजकूर मार्केटिंगचा आहे. मी फक्त बसवला," तो म्हणाला. मग फोनकडे बघत राहिला. "माझी आई असती तर इथूनच मागे फिरली असती. पैसे भरत राहिली असती."

"म्हणजे तुमचा धंदाच खोटा?"

"नाही," तो सावकाश म्हणाला. "हे बटण खोटं आहे."

या एका वाक्यासाठी आम्ही कितीतरी आठवडे बसलो होतो. नोकरीभर पसरलेलं पाप एका पडद्यावर येऊन थांबलं. मला आजही वाटतं, यापेक्षा मोठा दिलासा मी त्याला देऊ शकले नसते. आता करण्यासारखं काहीतरी होतं.

मग आम्ही लूकचा तिसरा अध्याय काढला. बाप्तिस्मा घ्यायला आलेले जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? त्या काळी जकातदार म्हणजे लोकांच्या तिरस्काराचा धनी. तरी योहान त्यांना जकातनाकं सोडा म्हणत नाही. नेमून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. शिपायांनाही तसंच: दमदाटीने पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात समाधानी राहा. यातून मी एक प्रश्न काढलाय आणि तो सगळ्यांना विचारते: तुमचं काम प्रामाणिकपणे केलं, तर ते काम उरतं का? उरत असेल तर थांबा आणि दुरुस्त करा. उत्पन्न फसवणुकीवरच उभं असेल, तर मात्र सोडा, आणि सोडण्याआधी काही महिन्यांची शिल्लक गाठीला बांधा.

ऑफिसात प्रवचन द्यायचं नाही, हे आमचं ठरलं. आदर्श ठेवला पवित्र शास्त्रातल्या दानीएलचा. राजाच्या पंक्तीचं अन्न नको म्हणताना त्याने आरडाओरडा केला नाही. दहा दिवस आम्हाला भाजी आणि पाणी द्या, मग इतरांशी तुलना करून बघा, असं त्याने सुचवलं. प्रोग्रामरला हे वेगळं समजवावं लागत नाही. रोजची ए/बी टेस्टच ती: दोन पर्याय चालवायचे आणि कुठला चांगला ते मोजायचं. त्याने साधा मजकूर आणि दोनच पडदे असलेला पर्याय तयार केला आणि सपोर्टकडे येणाऱ्या तक्रारीही मोजा, असा आग्रह धरला. राखाडी ओळ गेली. पडदे पाचाचे तीन झाले, दोन नाही. मॅनेजर त्यापुढे हलला नाही, आणि माझा हा डेव्हलपर अजून तिथेच काम करतो.

इतरांच्या अडचणी वेगळ्या असतात. चाचणी न करता 'पास' लिहायला सांगितलेल्या टेस्टरला मी मत्तयचा पाचवा अध्याय वाचायला लावते: होय तर होय, नाही तर नाही. डीफॉल्ट, म्हणजे आधीपासूनच निवडलेली, सेटिंग ठरवणाऱ्याला अनुवाद या पुस्तकाचा बाविसावा अध्याय: नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा घाल, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. कोड लिहायला कुठली फ्रेमवर्क वापरायची हा वाद मात्र विश्वासाचा नाही, कृपा करून तिथे पवित्र शास्त्र काढू नका.

रविवारच्या ऑन-कॉलचा, म्हणजे बिघाड झाला की लगेच हजर व्हायच्या पाळीचा, प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बैल विहिरीत पडला तर शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशीही तुम्ही त्याला ताबडतोब बाहेर काढणार नाही का, असं येशूनेच विचारलंय. तेव्हा सर्व्हर पडला तर उपासनेतून उठा, मनाला लावून घेऊ नका. पण बैल दर रविवारी त्याच विहिरीत पडत असेल, तर निर्गमचा एकविसावा अध्यायही वाचा. खड्डा उघडा ठेवणाऱ्याने भरपाई द्यायची, असा तिथे नियम आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये झाकणाचं, म्हणजे मूळ दोष कायमचा दुरुस्त करायचं, काम मागून घ्या, आणि त्याला किती दिवस लागतील तेही सांगा.