पुण्यात राहून जीवाश्मांचा छंद कसा लावून घ्यावा? महाराष्ट्रात जीवाश्म सापडतात का?

आधी वाईट बातमी देतो. सिंहगडाच्या पायथ्याशी मिळालेल्या ज्या दगडाचा फोटो तुम्ही प्रश्नासोबत टाकलाय, त्यावरचं 'नेच्याचं पान' हे पान नाही. खडकाच्या बारीक भेगेत मँगनीज विरघळलेलं पाणी झिरपतं आणि मागे अशी काळी नक्षी उरते. तिला डेंड्राइट म्हणतात. भिंग लावून बघा. पानाला मधोमध शीर असते आणि तिच्यातून पोटशिरा ठरावीक अंतराने निघतात. तुमच्या नक्षीला शीर नाही, फांद्या वाटेल तशा फुटल्यात, आणि सगळं भेगेच्या एका कडेपासून सुरू झालंय. वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे असे अकरा दगड आहेत. प्रत्येक वेळी 'हे मात्र नक्की पानच' म्हणून घरी आणलेले. एक 'डायनोसॉरचं अंडं'ही आहे. तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जाणारा साधा काळा दगड निघाला. हा प्रकार आपल्याकडे प्रत्येक घाटात दिसतो.

आता तुमचा मूळ प्रश्न: भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही, पुण्यात राहतो, इथे जीवाश्म मिळतात का आणि सुरुवात कुठून करू? मीही शिकलेलो नाही. बँकेत नोकरी करतो आणि गेली पंधरा वर्षं सुट्टीच्या दिवशी दगड बघत हिंडतो.

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग लाव्हाने झाकलेला आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला, आजही त्याने शेजारच्या राज्यांसकट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. उकळत्या लाव्हात कुणाचं हाडूक टिकणार? त्यामुळे सिंहगड, राजगड, कात्रज इथे तुम्ही जन्मभर शोधलंत तरी कातळात जीवाश्म मिळणार नाही. पण हा लाव्हा एका दमात आला नाही. दोन थरांच्या मध्ये हजारो वर्षांची उसंत असायची. त्या काळात माती व्हायची, तळी साचायची, झाडं उगवायची, बेडूक डरावायचे. मग पुढचा थर यायचा आणि सगळं गाडलं जायचं. जीवाश्म शोधायचे ते या मधल्या गाळाच्या थरांत, नाहीतर लाव्हाच्या खालच्या जुन्या खडकांत.

बेडूक हे उगाच म्हटलं नाही. रिचर्ड ओवेन, म्हणजे ज्यांनी १८४२ साली 'डायनोसॉर' हा शब्द घडवला तेच गृहस्थ, त्यांनी १८४७ मध्ये मुंबईत सापडलेल्या एका इवल्याशा बेडकाचं वर्णन लंडनमध्ये छापलं. तो वरळीच्या थरातला. आज त्याचं शास्त्रीय नाव इंडोबॅट्राकस पुसिलस. वरळीला टॅक्सीत अडकलो की मला हटकून तो आठवतो.

आता विदर्भाकडे चला, कारण खरा खजिना तिकडे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत लाव्हाच्या आधीची लालसर चिकणमाती उघडी पडलीय आणि तिच्यातून डायनोसॉरच्या हाडांचे तुकडे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या काळातल्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळत आलेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बांधावर उकिडवा बसून एक गोळा निरखत होतो. बोटभर लांब, करडा, एका टोकाला निमुळता, अंगावर वळ्या. शेताचे मालक येऊन उभे राहिले. "काय शोधून राह्यले भाऊ?" मी दाखवलं. ते हसले. "हे तर शेण हाय. तुमचे साहेब लोक येऊन थैल्या भरून नेतेत." शेतकऱ्याला ठाऊक होतं आणि मला पुस्तक वाचून आल्यावरही खात्री नव्हती.

या शेणाने केवढं काम केलंय बघा. गवताच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठतात, गवताच्या गटागणिक त्यांचा आकार वेगळा. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या गोळ्यांत असे कण सापडले आणि २००५ साली ते 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आलं. तोवर समज असा की डायनोसॉर गेल्यानंतर कधीतरी गवत पसरलं. इथे तर डायनोसॉरच्या पोटातून गवत गेलेलं! २०११ मध्ये त्याच गोळ्यांवरून भाताच्या कुळाचा माग थेट डायनोसॉरच्या काळापर्यंत लागला.

त्या दिवशी मालकांना विचारून मी तीन गोळे खिशात घातले आणि पुण्याला आलो. काही महिन्यांनी एका निवृत्त भूशास्त्रज्ञांकडे मोठ्या अभिमानाने घेऊन गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला: "कुठल्या शेतातला? कुठल्या थरातला? वर सैल पडलेला होता की मातीत रुतलेला?" मला गावाचं नाव सोडून काही सांगता येईना. तीन गोळ्यांपैकी कुठला कुठे उचलला तेही आठवेना. त्यांनी तो हळूच परत माझ्या हातावर ठेवला. "मग हा आता पेपरवेट झाला."

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे खरं तर एवढंच आहे. जीवाश्माची किंमत त्याच्या पत्त्यात असते. आपल्या जुन्या माणसांना हे बरोबर कळलं होतं बहुतेक. देवघरातला शाळिग्राम हा अमोनाइट या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावरचं चक्र म्हणजे त्याच्या शंखाची वेटोळी. आणि पोथी न वाचणारी आजीसुद्धा सांगते, गंडकीचाच हवा. नेपाळातल्या काली गंडकीच्या खोऱ्यातूनच ते येतात.

पत्ता खोटा लागला तर काय होतं याचं उदाहरण शास्त्रज्ञांच्या जगातही आहे. १९८९ साली जॉन टॅलंट या ऑस्ट्रेलियन संशोधकाने 'नेचर'मध्ये लिहिलं, की हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापले गेलेले कितीतरी जीवाश्म मुळात परदेशातले होते, काही तर मोरोक्कोतले. हिमालयाच्या भूशास्त्रात तो घोळ निस्तरायला लोकांना फार वेळ लागला.

म्हणून हातोडा घेऊ नका. निदान पहिलं वर्ष तरी नको. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, वही घ्या. काही दिसलं की आधी जागेवरच फोटो, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. मग चार पावलं मागे सरून आजूबाजूच्या थरांचा फोटो. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश वहीत उतरवा. उचललाच दगड, तर घरी व्हाइटनरचा ठिपका देऊन त्यावर नंबर टाका आणि तोच नंबर वहीत. हाड आहे की दगड हे ओळखायला जुने लोक जीभ लावतात. सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं. पिसदुऱ्याला हा प्रयोग करण्याआधी दोनदा विचार करा.

शेत कुणाचं तरी असतं, विचारल्याशिवाय आत जायचं नाही. वनखात्याच्या जमिनीवरून काहीच उचलू नका. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडांची खोडं नुसती बघायची. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा जपण्यासाठी कायद्याचा मसुदाही काढला होता. आणि हाड मोठं दिसलं तर हात न लावता जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. ओढून काढताना त्याचा चुरा होतो आणि पत्ताही जातो.

पुण्याजवळ काय बघाल? जीवाश्म नाहीत म्हणून हिरमुसू नका. वाघोलीच्या दगडखाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट हे खनिज जगभरचे संग्राहक जिवापाड जपतात. खाणीत घुसायची गरज नाही, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड निवांत बघा. तिथला अर्धा दिवस म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या पोटात काय काय दडलंय याची शिकवणीच. नदीच्या पाण्याने कातळात कोरलेले निघोजचे रांजणखळगे पाणी कमी असताना गाठा. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठावर इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. ती ७४ हजार वर्षांपूर्वीची की त्याहून बरीच जुनी, यावर अभ्यासकांची भांडणं चाललीत. डायनोसॉरच हवा असेल तर गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीला जा. राजासॉरस तिथलाच, २००३ साली जाहीर झालेला.

बातम्यांचं विचाराल तर वर्तमानपत्रातली बातमी फक्त मूळ शोधनिबंधाचं नाव मिळवण्यासाठी वाचायची. २०२१ मध्ये भीमबेटकाच्या गुहेत ५० कोटी वर्षांहून जुना 'डिकिन्सोनिया', म्हणजे एका अगदी आदिम प्राण्याचा ठसा, सापडल्याचा गाजावाजा झाला. दोन वर्षांनी दुसऱ्या चमूने जाऊन पाहिलं, तर ते मधमाश्यांच्या पोळ्याचे छतावर उरलेले अवशेष. मूळ संशोधकानेही चूक मान्य केली, हे मला फार आवडलं. (तुमचं पान आठवा आणि धीर धरा.) उलट कच्छच्या लिग्नाइट खाणीतला वासुकी हा महाकाय साप: मणके २००५ मध्येच मिळाले होते, मगरीचे समजून बाजूला पडले, आणि एप्रिल २०२४ मध्ये २७ मणक्यांवरून त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी असा अंदाज छापून आला. तो निबंध 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये फुकट वाचता येतो. नर्मदेच्या खोऱ्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचा २०२३ चा निबंध 'प्लॉस वन'मध्ये आहे, तोही फुकट. बंगळुरूहून निघणारं 'करंट सायन्स'ही चाळत जा. सगळं कळत नाही. मी नकाशे, फोटो आणि शेवटची दोन पानं वाचतो.

नकाशांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' संकेतस्थळ आहे. ते कधीकधी इतकं रेंगाळतं की चहा करून यावं, पण तुमच्या तालुक्याखाली कुठला खडक आहे हे तिथे घरबसल्या दिसतं. जगभरच्या जीवाश्मस्थळांसाठी 'पेलिओबायॉलॉजी डेटाबेस', खनिजांसाठी 'माइंडॅट'. मराठीतून संज्ञा समजून घ्यायला मराठी विश्वकोशातल्या भूविज्ञानाच्या नोंदी अजूनही उत्तम आहेत, भाषा थोडी जड आहे इतकंच.

तुमच्या डेंड्राइटलाही नंबर द्या, १ नंबर. पायथ्याशी म्हणजे नेमका कुठे मिळाला, ते आठवतंय तोवर आजच लिहून काढा. आणि पिसदुऱ्याला जायचं ठरलं तर डिसेंबर-जानेवारीत जा. मी मे महिन्यात गेलो होतो.